झरमॅटला जायचंय? मग हे आधी वाचून घ्या

मराठवाड्यातनं स्वित्झर्लंडला जाणारे हल्ली लई वाढलेत, पण बहुतेक जण टूरवाल्याच्या बसमधनं एखाद्या डोंगरावर जातात, तासभर बर्फ उडवतात, फोटो काढतात आणि खाली येतात. माझं म्हणणं एवढंच की एवढा खर्च करून जाणारच आहात तर स्कीच्या, म्हणजे पायाला लांब पट्ट्या लावून बर्फावरनं घसरायच्या खेळाच्या, खऱ्या गावात तीन-चार रात्री मुक्काम टाका, आणि त्यासाठी झरमॅटच निवडा. महाग आहे, खरंच महाग आहे, पण पैसा कुठं सोडायचा आणि कुठं धरून ठेवायचा हे घरनंच ठरवून निघालं की जमतंय.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो तारखेनं. आपल्याकडं फिरायचं म्हणलं की मे महिना नाहीतर दिवाळी, आणि नेमकं या दोन्ही वेळेला तिथं दोन सीझनच्या मधली सुस्ती असते, बरीच हॉटेलं कुलूप लावून बसलेली असतात. ख्रिसमस-न्यू इयरला आणि फेब्रुवारीत त्यांच्या शाळांच्या सुट्ट्या लागल्या की भाव विचारूच नका. म्हणून जानेवारीचा मधला काळ धरा. आपल्याकडं सोयाबीन विकून झालेलं असतंय, हरभरा रानात उभा असतोय, शेती असणाऱ्या घरालाही तेवढी सवड निघते. घरात दहावी-बारावीचं लेकरू असेल तर त्या वर्षी राहू द्या.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा, फी ९० युरो, अर्ज सहा महिने आधीपासनं करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. सोबत ३०,००० युरोचा प्रवास विमा सक्तीचा आहे. इथं मात्र थांबून पॉलिसी नीट वाचा, कारण साध्या पॉलिसीत स्कीसारखे खेळ बऱ्याचदा धरलेलेच नसतात आणि उतारावर पाय मोडला तर हेलिकॉप्टर बोलवायची वेळ येते, त्याचं बिल तुमच्याच नावावर निघतं. चार पैसे जास्त लागले तरी चालतील, स्की धरलेलाच विमा घ्या.

मुंबईहून झुरिकला उतरलात की विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, तिथनं फिस्पला जायचं, गाडी बदलायची, एकूण साडेतीन तासांच्या आसपास झरमॅट. गाडी भाड्यानं घ्यायचा विचार सोडून द्या कारण गावात पेट्रोल-डिझेलची गाडी चालतच नाही, ती ५ किलोमीटर अलीकडं टॅशला लावून पुढं रेल्वेनंच यावं लागतं. गावात नुसत्या छोट्या इलेक्ट्रिक टॅक्स्या.

हॉटेलपेक्षा किचनवालं अपार्टमेंट बघा. हॉटेलातलं रोजचं जेवण चार जणांच्या घराला परवडत नाही, आणि कोऑप-मिग्रो या तिथल्या सुपरमार्केटांमध्ये तांदूळ, भाजी, अंडी, दही सगळं मिळतं. घरनं धपाटे, येसर, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट घेऊन चला. पण तूप, पेढे, खवा, पनीर, मटण-चिकनचं काहीही बॅगेत टाकू नका, युरोपबाहेरनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. आईनं प्रेमानं दिलेला तुपाचा डबा जाऊ नये म्हणून आधीच सांगतोय. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. आणि घरात माळकरी असतील तर फॉन्द्यू, म्हणजे पाव बुडवून खायचं वितळलेलं चीज, मागवताना विचारून घ्या, त्या चीजमध्ये व्हाइट वाइन घातलेली असते. बटाट्याची रोश्टी चालेल, फक्त त्यात बेकन नको म्हणून सांगा.

कपड्यांचं नीट ऐका. आपल्याला ४२-४३ डिग्रीची सवय, थंडी म्हणलं की एक जाडजूड स्वेटर काढतो आपण. तिथं जाड एकच नको, पातळ तीन पाहिजेत. अंगाला चिकटून थर्मल, वर फ्लीस म्हणजे मऊ, उबदार कापडाचं जॅकेट, त्याच्यावर वारं आणि पाणी अडवणारं जॅकेट. आतनं सुती बनियन नको, घामानं भिजलं की वाळत नाही आणि थंडी हाडात शिरते, जीन्सचंही तेच. स्कीची पँट, बूट, हेल्मेट तिथं भाड्यानं मिळतं. दुकानात उंची, वजन, पायाचं माप विचारतात, वजन खरंच सांगा, कारण पडल्यावर बुटातनं स्की सुटायची स्प्रिंग त्याच आकड्यावर लावतात. गॉगल आणि सनस्क्रीन पाहिजेच, बर्फावरनं उलटून येणारं ऊन चेहरा सोलून काढतंय.

कधीच स्की केली नसेल तर स्वतःच्या मनानं उतारावर जाऊ नका, स्की स्कूलचा ग्रुप क्लास लावा. इथं पैसा सोडायचा. गावातनं बोगद्यातली रेल्वे काही मिनिटांत सुनेगाला नेते, तिथं नवशिक्यांची जागा आहे. निळी पाटी म्हणजे सोपा उतार, लाल मधला, काळा अवघड, पहिल्या खेपेला निळ्याच्या पुढं नाही.

ज्यांना स्की नको, आजी-आजोबा असतील, त्यांना गोर्नरग्राट डोंगरावर जाणाऱ्या रेल्वेत बसवा. १८९८ पासनं चालू आहे, ३,०८९ मीटरपर्यंत जाते. चढताना उजव्या बाजूची सीट धरा, ४,४७८ मीटरचा मॅटरहॉर्न हा तिथला प्रसिद्ध डोंगर त्याच अंगाला दिसतो. स्विस ट्रॅव्हल पास (तिथल्या रेल्वे-बसचा पर्यटकांसाठीचा पास) असेल तर हिच्या तिकिटात अर्धी सूट आहे. वर गेल्यावर पळापळ करू नका, हवा विरळ असते, बीपीवाल्यांनी निघायच्या आधीच डॉक्टरला विचारावं. सकाळी उठल्या उठल्या डोंगरावरच्या वेबकॅमचं चित्र बघा आणि ढग नसतील तरच तिकीट काढा, ढगात गेलात तर पैसे वाया.