डीआय कंटेनरमधून रनटाइमला ऑब्जेक्ट बनवताना वेळ नेमका कुठे जातो आणि काय करायचं

लूपमध्ये प्रत्येक रेकॉर्डला एक हँडलर (त्या रेकॉर्डवर काम करणारा ऑब्जेक्ट) लागतो आणि तो कुठला हे डेटा हातात आल्यावरच कळतं, मग आपण दरवेळी डीआय (डिपेंडन्सी इंजेक्शन) कंटेनरकडे, म्हणजे ऑब्जेक्ट त्याला लागणाऱ्या गोष्टींसकट बनवून देणाऱ्या लायब्ररीकडे, तो मागतो आणि सगळं स्लो झालं की खापर डीआयवर फोडतो. मी रोज डॉट नेटमध्ये काम करते म्हणून त्यातलंच सांगते.

आधी कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड, उघडून बघा. नुसता ऑब्जेक्ट बनवायला जवळपास काहीच लागत नाही, पण आत कुणी फाइल वाचत असेल किंवा कनेक्शन उघडत असेल तर कंटेनर बदलून काडीचा फरक पडणार नाही, ते काम आधी तिथून हलवा.

मग रिफ्लेक्शन, म्हणजे प्रोग्राम चालू असताना टाइपची रचना तपासणं. ॲक्टिव्हेटर-युटिलिटीजचं क्रिएट-इन्स्टन्स दर कॉलला तुम्ही दिलेले आर्ग्युमेंट कन्स्ट्रक्टरशी जुळवत बसतं. त्याऐवजी क्रिएट-फॅक्टरी लूपच्या बाहेर एकदाच बोलवा, मिळालेला डेलिगेट (हवं तेव्हा चालवता येणारं तयार फंक्शन) टाइपप्रमाणे कॉन्करंट डिक्शनरीत (अनेक थ्रेडना एकाच वेळी वापरता येणाऱ्या यादीत) ठेवा आणि आत फक्त तो चालवा. पण डेलिगेट तयार करायचा खर्च सुरुवातीला भरावा लागतोच, त्यामुळे जो टाइप अख्ख्या रनमध्ये एकदोनदाच लागतो त्याच्यासाठी हे करू नका, उलट स्टार्टअप जड होईल. मायक्रोसॉफ्टचा कंटेनर स्वतःही असाच वागतो, पहिल्यांदा रिफ्लेक्शनने भागवतो आणि तीच सर्व्हिस दुसऱ्यांदा मागितली की बॅकग्राउंडला कोड कंपाइल करायला घेतो, म्हणून पहिल्या कॉलला स्टॉपवॉच लावून काढलेल्या आकड्यावर अजिबात जाऊ नका, बेंचमार्क-डॉट-नेट वापरा, ते वॉर्मअप करून मग मोजतं.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मेमरीने! ट्रान्झियंट (दरवेळी नवी बनणारी) सर्व्हिस आयडिस्पोजेबल (काम झाल्यावर डिस्पोज बोलवून आवरावी लागणारी) असेल आणि ती रूट प्रोव्हायडरकडून, म्हणजे ॲपभर जगणाऱ्या मुख्य कंटेनरकडून, घेतली तर कंटेनर तिचा रेफरन्स ॲप बंद होईपर्यंत धरून ठेवतो, पन्नास हजार रेकॉर्ड म्हणजे पन्नास हजार ऑब्जेक्ट तसेच पडून, गार्बेज कलेक्टर त्यांना हातही लावू शकत नाही. उपाय म्हणजे क्रिएट-स्कोपने बनवलेला स्कोप (कंटेनरचा तात्पुरता कप्पा), आणि तो युझिंगमध्ये, म्हणजे ब्लॉक संपला की तो आतल्या ऑब्जेक्टसकट आवरला जातो. दर रेकॉर्डला नवा स्कोप मात्र नको, पाचशे-हजारांच्या बॅचला एक पुरतो, फक्त स्कोप्ड (एका स्कोपला एकच बनणाऱ्या) सर्व्हिस त्या बॅचभर शेअर होतात, तुमचा डीबी-कॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) असेल तर हे लक्षात असू द्या. वरच्या क्रिएट-फॅक्टरीच्या डेलिगेटने बनवलेल्या ऑब्जेक्टवर कंटेनर लक्ष ठेवत नाही, त्याचं डिस्पोज तुम्हालाच करायचंय.

जावातल्या स्प्रिंगवाल्यांनो, प्रोटोटाइप बीनचं (दरवेळी नव्याने बनणाऱ्या ऑब्जेक्टचं) डिस्ट्रॉय स्प्रिंग बोलवत नाही, ते तुमच्याकडेच. डॅगर ही जावातलीच दुसरी डीआय लायब्ररी, तो कंपाइल करतानाच कोड लिहून ठेवतो, त्यामुळे रनटाइमला हा रिफ्लेक्शनचा भारच नसतो, पण प्लगिनमधून ऐनवेळी आलेला टाइप त्याला माहीत नसतो, तिथे वेगळी सोय करावी लागते.