व्यवसाय आराखडा लिहिताना आधी रोकडीचा तक्ता करा

नव्या स्टार्टअपचा आराखडा लिहायला बसलं की सगळी पानं ध्येय, बाजारपेठ आणि स्पर्धक यांतच भरतात. भांडवल किती लागेल, हा आकडा मात्र शेवटी अंदाजाने टाकला जातो. म्हणून सुरुवात उलट्या बाजूने करा.

१. स्प्रेडशीटमध्ये १२ महिन्यांचे १२ रकाने आखा.

२. दर महिन्याला हातातून जाणारे पैसे लिहा: भाडं, पगार, कच्चा माल, कर, विमा, कर्जाचा हप्ता. स्वतःच्या घरखर्चाची रक्कमही इथेच धरा, ती हमखास राहून जाते.

३. येणारे पैसे विक्रीच्या महिन्यात लिहू नका, ते खात्यात जमा होतील त्या महिन्यात लिहा. ग्राहक ६० दिवसांच्या उधारीवर माल घेणार असेल, तर जानेवारीची विक्री मार्चच्या रकान्यात गेली पाहिजे. ही पायरी मन लावून करा. कागदावर नफ्यात दिसणारा धंदाही रोकडीअभावी इथेच अडकतो.

४. शून्यापासून सुरुवात करून प्रत्येक महिन्याची शिल्लक (आधीची शिल्लक अधिक आलेले पैसे वजा गेलेले पैसे) पुढे ओढा.

शिल्लक जिथे सर्वांत खाली, उण्यात जाते, तो आकडा म्हणजे किमान भांडवल. आता तक्त्याची दुसरी प्रत काढून विक्री निम्मी करा आणि वसुली आणखी एक महिना पुढे ढकला. माझ्या मते आराखड्यात हाच दुसरा आकडा द्यावा. विक्री कमी झाली किंवा वसुली लांबली तर काय, असं पैसे देणाऱ्याने विचारलं, तर उत्तर तयार असतं.

एक काळजी घ्या: बाराव्या महिन्यातही शिल्लक खालीच घसरत असेल, तर तळ अजून आलेलाच नाही. तक्ता २४ महिन्यांपर्यंत वाढवा.