पिकअप घेताय? टनाचं नंतर बघा, आधी इंजिनचं बघा

सोलापुरात पिकअप घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला, "किती टन बसतंय?" आणि दुसरा, "अ‍ॅव्हरेज किती?" इंजिनचं कोणी विचारतच नाही, फार तर शोरूमवाला स्वतःहून एचपी सांगतो आणि आपण मान हलवतो. बीएस फोरच्या, म्हणजे धुराच्या जुन्या सरकारी नियमांच्या, काळात हे खपून जायचं, पण एप्रिल २०२० ला बीएस सिक्स आलं तेव्हापासून तेच मॉडेल एकाकडं लोण्यासारखं चालतंय आणि दुसऱ्याकडं डॅशबोर्डवर लाईट लावून गॅरेजला उभं राहतंय. बहुतेक वेळा फरक गाडीत नसतो, ती दिवसभर पळते कशी त्यात असतो.

म्हणून शोरूमला जायच्या आधी आपल्या गाडीचा एक नेहमीचा दिवस कागदावर लिहून काढा. सकाळी स्टार्ट केल्यावर सलग किती किलोमीटर पळणार, मधे किती वेळ उभी राहणार, उभी असताना इंजिन चालू राहणार का बंद, जाताना भरलेली आणि येताना रिकामी का दोन्हीकडून भाडं. सांगोल्याचं डाळिंब पुण्या-मुंबईला नेणारी गाडी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरीचे गठ्ठे उचलून गावातल्या चाटी गल्लीत टाकणारी गाडी, दोघींना एकच इंजिन सोसणार नाही. पहिली तास-तासभर एका स्पीडला पळते, दुसरी चार किलोमीटर जाते, बंद होते, परत चार किलोमीटर.

आता ह्याचा इंजिनशी काय संबंध ते नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ इथंच आहे. बीएस सिक्स डिझेलला सायलेन्सरच्या लाईनमधे डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती काजळी तिथंच जळून जावी लागते आणि त्याला साडेपाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत तापमान लागतं. हायवेला लोड घेऊन पळताना एक्झॉस्ट गरम असतो त्यामुळं बरीचशी काजळी आपोआप जळते, उरलेली जाळायला गाडी स्वतःच थोडं जादा डिझेल सोडून जाळी तापवते, ह्याला मिस्त्री लोक रिजन म्हणतात. रिजन चालू असताना आयडलिंग थोडं वाढतं, फॅन जोरात फिरतो, जळाल्यासारखा वास येतो, आणि नेमकं तेव्हाच आपण चाटी गल्लीत पोचून चावी फिरवतो. असं चार-पाच वेळा झालं की जाळी भरते, लाईट लागते, गाडी दम सोडते. शिवाय ते अर्धवट राहिलेलं जादा डिझेल पिस्टनच्या कडेनं खाली ऑइलमधे उतरतं. डिपस्टिक काढून बघा कधी, ऑइल कमी व्हायच्या ऐवजी मॅक्सच्या खुणेच्या वर गेलेलं दिसतं, बोटावर घेतलं तर पातळ लागतं आणि डिझेलचा वास येतो. ऑइल वाढलंय म्हणून खूश होऊ नका, ते लगेच बदला, नाहीतर बेअरिंग जाईल.

कांद्याच्या सीझनला, डिसेंबर-जानेवारीत, मार्केट यार्डाबाहेर लाईनीत इंजिन चालू ठेवून बसणारेही ह्याच वाटेनं जातात, कारण आयडलिंगला काजळी जमते पण जाळायला गरमी तयार होत नाही. बंद करा ओ गाडी, डिझेलही वाचतं.

तर निष्कर्ष सरळ आहे, तुमचा धंदा सगळा गावातल्या गावात असेल तर माझ्या मते डिझेल घेऊच नका, सीएनजी बघा. बोलेरो मॅक्सला आणि टाटा इंट्राला सीएनजीचा पर्याय आहे. आठवड्यातून दोन-तीनदा तरी पंढरपूर, बार्शी, विजापूर असा सलग पाऊणएक तासाचा रस्ता मिळत असेल तर डिझेल बिनधास्त घ्या. आणि रोज हायवेच असेल तर डिझेलशिवाय दुसरं काही बघायचंही कारण नाही.

डिझेल ठरलं की मग एचपी नाही, टॉर्क म्हणजे इंजिनची ओढ विचारा, आणि तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतो ते विचारा. पिवळ्या पाटीच्या पिकअपला तसाही ८० चा स्पीड लिमिटर असतो, मग जादा एचपी घेऊन पळवणार कुठं? टाटा इंट्राचंच बघा, व्ही ३० आणि व्ही ५० दोन्हीत १४९६ सीसीचं इंजिन, पण व्ही ३० ला ७० एचपी आणि १४० एनएम टॉर्क, व्ही ५० ला ८० एचपी आणि २२० एनएम. एचपी फक्त दहानं वाढली पण टॉर्क दीडपटीच्या वर गेला, आणि भरलेली गाडी चढाला दुसऱ्या गिअरला आणायची का तिसऱ्यातच निघणार हे त्या टॉर्कवर ठरतं. सीसी बघूनही फसू नका. इसुझू डी-मॅक्सची कामाची पिकअप अडीच लिटरची आहे तरी ७८ एचपी आणि १७६ एनएमच देते. मोठं इंजिन कमी ताणावर चालतं हा त्याचा फायदा, पण ओढ जास्त असेलच असं नाही.

आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसते ती महिंद्राची बोलेरो पिकअप आणि मॅक्स. जुनंच २५२३ सीसीचं इंजिन, व्हर्जनप्रमाणं ७० ते ८० एचपी, २०० ते २२० एनएम. आवाज करतं, रिफाइन्ड वगैरे काही नाही, पण टॉर्क खालच्या आरपीएमलाच मिळतो आणि मोहोळ असो का करमाळा, ते खोलणारा मिस्त्री मिळतो, हे ब्रोशरमधे लिहिलेलं नसतं पण फार मोठी गोष्ट आहे. टाटा योद्ध्याला २.२ लिटर, १०० एचपी, २५० एनएम. दोन टनाच्या आसपास रोजचा माल आणि तुळजापूरचा घाट रोजचा असेल तर मी योद्धाच सांगेन, ५० किलोच्या चाळीस गोण्या भरल्या की दोन टन झालेच. अशोक लेलँडची बडा दोस्त दीड लिटर तीन सिलिंडर, ८० एचपी आणि १९० एनएम, हलक्या पण जागा खाणाऱ्या मालाला, टॉवेलचे गठ्ठे, रिकामे क्रेट, असल्या कामाला मस्त. अ‍ॅव्हरेजचा हिशोब मात्र घरी बसून करा. महिन्याला ३,००० किलोमीटर धरा, एक गाडी १४ देते आणि दुसरी १२, तर फरक साधारण ३६ लिटरचा येतो, डिझेल ९० रुपये धरलं तरी महिन्याला सव्वातीन हजार. त्यासाठी कमी टॉर्कची गाडी घेऊन वर दोनशे-तीनशे किलो जास्त भरणार असाल तर तो हिशोब उलटा बसतो. ओव्हरलोडला दंड २०,००० पासून सुरू होतो आणि वर दर जादा टनाला २,००० आहेत, क्लचप्लेटचं वेगळंच.

टोयोटाची हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस ह्या वेगळ्या जातीच्या गाड्या, शौकाच्या. व्ही-क्रॉस १.९ लिटर, १६३ एचपी, ३६० एनएम. हायलक्स २.८ लिटर, २०४ एचपी, मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० एनएम. दोन्ही सव्वापाच मीटरच्या वर लांब, सोलापुरातल्या मधल्या मारुतीच्या गर्दीत घालून दाखवा एकदा. पैसा आहे, शेत लांब आहे, फोर बाय फोर खरंच लागतं, तर घ्या.

टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची घेऊन काही कळत नाही. तेच मॉडेल चालवणारा ओळखीतला कोणीतरी गाठा आणि तो भरलेली गाडी घेऊन तुळजापूरला निघाला की शेजारी बसा. घाटात तिसऱ्या गिअरला आरपीएम १५०० च्या खाली आल्यावर गाडी थरथरून मरते का हळूहळू उचलते ते बघा, टेम्परेचरचा काटा बघा, आपल्याकडं उन्हाळ्यात ४२-४३ डिग्री असतंय त्यामुळं शक्यतो एप्रिल-मेमधे दुपारीच जा. वर पोचल्यावर तो लगेच चावी बंद करतो का मिनिटभर आयडलवर ठेवतो तेही बघा, मिनिटभर ठेवणाऱ्याच्या गाडीचा टर्बो बरा असतो आणि त्याचंच मत ऐकण्यासारखं असतं.

शोरूमला नेमकं हे विचारा: अ‍ॅडब्लू लागतं का, म्हणजे धूर साफ करणाऱ्या द्रावणाची निळ्या झाकणाची वेगळी टाकी आहे का. असेल तर ती संपली की बऱ्याच गाड्या बंद केल्यावर परत स्टार्ट होत नाहीत. आणि अ‍ॅडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध द्रावण असतं म्हणून शेतातला युरिया बादलीत कालवून ओतायचं डोकं चालवू नका, त्यातल्या कचऱ्यानं नोझल बसतं आणि खर्च हजारात जातो. ऑइल कुठल्या ग्रेडचं ते मॅन्युअलमधे बघून घ्या, डीपीएफवाल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, दुकानदार जे स्वस्त देईल ते नाही. हायवेला कुठं कुठं कमी भावात डिझेल म्हणून काहीतरी विकतात, त्याच्या नादाला लागू नका. बीएस सिक्सच्या डिझेलमधे सल्फर १० पीपीएमपर्यंतच असतं आणि ही जाळी त्याच हिशोबानं बनवलेली आहे.

डीपीएफची लाईट लागलीच तर गाडी उभी करू नका, गिअर एक खाली ठेवून दोन हजारच्या वर आरपीएमला पुणे रोडनं पंधरा-वीस मिनिटं सलग पळवा, बहुतेक वेळा विझते. नाही विझली तर शोरूमला न्या. फक्त त्यानंतर लगेच रानात वाळल्या कडब्यावर गाडी लावू नका, खालचा पाइप इतका तापलेला असतो की कडबा पेटू शकतो. काही गॅरेजवाले "जाळी कापून पोकळ करून देतो" म्हणतात, ते बेकायदेशीर आहे, वॉरंटी जाते, आणि नंतर विकताना गिऱ्हाईकाबरोबर मिस्त्री आला की पहिल्यांदा वाकून तेच बघतो. सेकंडहँड घेताना तुम्हीही तेच करा, खाली वाका, जाळीच्या डब्यावर नवीन वेल्डिंगची रेघ दिसली की भाव न करता तिथून निघा.