पावसाळ्यानंतर ओढकामाच्या घोड्यांचे खूर: आधी तासणी, मग नाल

इंदूर, महू, देपालपूर, सांवेर या पट्ट्यात ट्रॅक्टर आल्यावर घोड्याचे काम कमी झाले, संपले नाही. चारा, वाळू, विटा ओढणारी घोडागाडी अजून आहे आणि लग्नसराईत बग्गी आहेच. हा सल्ला त्या घोड्यांसाठी आहे. वेळ आश्विनाची, म्हणजे पाऊस ओसरून काळी माती सुकू लागते ती.

हीच वेळ का? चार महिने घोडा काळ्या चिखलात आणि शेण-मुताच्या ओलीत उभा असतो. खूर ओल शोषून मऊ होतो, फाकतो, पुढचे टोक लांबते. मग ऑक्टोबरच्या उन्हात तोच खूर कडक होऊन आकसतो. ओल आणि कोरड यांच्या या ओढाताणीत जुन्या खिळ्यांची भोके मोठी होतात, नाल खडखडते, कडा तुटतात. अशा खुरावर त्याच मापाची नवी नाल ठोकली की वाकडेपणा पुढच्या दीड महिन्यासाठी पक्का होतो. दसऱ्याला घोडा सजवायचा म्हणून घाईने नालबंदी उरकू नका. जुनी नाल काढा, खूर तासा, सात-आठ दिवस घोडा मुरूम किंवा जाड वाळूच्या कोरड्या जागेवर ठेवा, कामाला जुंपू नका आणि मग नाल मारा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगायला हवी. खुराची दुरुस्ती नालेत नसते, तासणीत असते. नाल केलेली दुरुस्ती टिकवते, एवढेच तिचे काम. आणि तासणीलाही मर्यादा आहे. खुराची भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मि.मी. वाढते. केसांच्या कडेपासून पुढच्या टोकापर्यंत पूर्ण खूर नवा यायला ९ ते १२ महिने लागतात. सहा महिने बिघडत गेलेला खूर एका दुपारी सरळ करून देतो असे कोणी म्हणाला, तर त्याच्या हातातली रापी आधी खाली ठेवायला सांगा.

तपासणी नाल काढण्यापूर्वीच करा. घोडा सपाट फरशीवर चारही पायांवर सारखा उभा करा. मोबाईल जमिनीला टेकवून समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. बाजूच्या फोटोत खुराच्या वरचा तिरका भाग (नालबंद त्याला गामची म्हणतात) आणि खुराची पुढची भिंत एका रेषेत दिसायला हवी. रेष मागे मोडली असेल तर टोक लांब आणि टाच पडलेली. पुढे मोडली असेल तर टाच उंच, खूर उभा. पुस्तकात पुढच्या खुराचा कोन ५० ते ५५ अंश आणि मागच्याचा थोडा जास्त लिहिलेला असतो. तो अंदाजासाठी ठीक, पण घोड्याची स्वतःची गामची जो कोन सांगते तोच खरा. समोरच्या फोटोत आतली आणि बाहेरची भिंत किती उंच, हे पाहा. जुनी नाल टाकून देऊ नका. ती कुठे जास्त झिजली त्यावरून घोडा पाय कसा टाकतो ते कळते.

आता नाल काढणे. आधी कानशीने खिळ्यांच्या मुरडी (भिंतीबाहेर वळवलेली टोके) घासून किंवा उलगडून मोकळ्या करा. मग टाचेकडून, एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने, पक्कड खुराच्या मध्याकडे दाबत नाल सैल करा. मुरडी तशाच ठेवून नाल पिळून ओढली तर भिंतीचा तुकडा सोबत येतो आणि पुढच्या वेळी खिळ्याला जागाच उरत नाही. पाय धरणाऱ्याने मागचा पाय उंच टांगू नये. म्हाताऱ्या घोड्याला त्याने कंबरेत दुखते, तो लाथ मारतो आणि मग लोक त्याला खोडकर ठरवतात.

तासताना तळव्याचा फक्त सुटा, पिठासारखा थर काढा. अंगठ्याने दाबून तळवा दबला, तर तिथेच थांबा. खाली फार शिल्लक नसते. तळव्याच्या मधली तिकोनी, रबरासारखी पुतळी (आपल्याकडचे नालबंद पुतली म्हणतात) शोभेसाठी कापू नका. लोंबणारी चिंधी तेवढी काढा. टाचेतून आत वळलेल्या भिंतीच्या घड्याही खोदून काढू नका, टाचेला आधार त्यांचाच असतो. भिंत पक्कडीने टाचेपासून टोकाकडे कापत आणा आणि कानशीने सपाट करा. टोक किती घ्यायचे ते भिंत आणि तळवा यांच्यामधली पांढरी रेघ सांगते. खुराची सर्वांत रुंद जागा शोधा. तिथून टोकापर्यंत आणि तिथून टाचेपर्यंतचे अंतर साधारण निम्मेनिम्मे व्हायला हवे. ओढकामाच्या घोड्यात पुढचे माप जवळपास नेहमीच जास्त निघते. बाहेरून भिंत चकचकीत घासायची हौस आवरा. फाकलेली कड असेल तर खालच्या तिसऱ्या हिश्श्यातच कानस लावा, वरच्या तुकतुकीत थराला हात लावू नका, खुरातली ओल तोच धरून ठेवतो.

लांब टोक आणि पडलेली टाच हा इथला सर्वांत मोठा दोष. ओझे ओढताना घोडा टोकावर जोर देतो. टोक लांब असले की पाय उचलायला उशीर होतो, पायामागची शीर (कंडरा) ताणली जाते आणि टाच आणखी चिरडते. यात टोक खालून आणि पुढून मागे आणा. टाचेचा चिरडून आडवा झालेला भाग घट्ट थर लागेपर्यंतच घ्या. टाच उंच करायला पाचर लावण्याचा मोह होतो. ती तात्पुरती ठीक, पण कायमची ठेवली तर त्याच टाचेला पुन्हा चिरडते. नालेचे पुढचे टोक ऐरणीवर थोडे वर वळवून गोलसर करा म्हणजे पाय लवकर सुटतो. नालेची मागची दोन्ही टोके टाचेच्या मागे ५ मि.मी.पर्यंत जाऊ द्या.

उभ्या खुरात उलट असते, पण घाई इथे जास्त महागात पडते. टाच एका वेळी ३ ते ५ मि.मी.पेक्षा जास्त उतरवू नका. अशा घोड्याची पायामागची खोल शीर आखूड असते. टाच एकदम खाली गेली की ती शीर खुरातल्या हाडाला आणि भिंतीला ओढते आणि घोडा लंगडतो.

पंजा आत वळलेल्या घोड्याची बाहेरची बाजू जास्त झिजते, बाहेर वळलेल्याची आतली. उंच राहिलेली बाजू थोडी उतरवून पाय सपाट टेकेल इतके करा. पाय सरळ करायला जाऊ नका. हाडाचा वाकडेपणा शिंगरू वाढत असताना, पहिल्या काही महिन्यांतच तासणीला दाद देतो. त्यामुळे शिंगराचे खूर दोन-तीन महिन्यांचे असल्यापासून पाहून घ्या. सात-आठ वर्षांच्या घोड्याला ताठ उभे केले, तर दिसायला बरे, आतल्या सांध्याला मात्र वाईट.

खुराला भेग असेल, तर तिच्याखालची भिंत एक-दोन मि.मी. उतरवा, म्हणजे त्या जागी भार नाही. भेगेच्या लगत खिळा मारू नका. भेग केसांच्या कडेपासून सुरू होत असेल किंवा तिच्यातून रक्त-पू येत असेल, तर नालबंदाचे काम संपले, पशुवैद्य बोलवा.

नाल घोड्याच्या खुरावर घडवा, खूर नालेवर नाही. बाजारची तयार नाल लहान पडते आणि मग टोक कापून खूर त्यात बसवला जातो. हा प्रकार इथे रोज दिसतो. माप असे घ्या: तासून सपाट केलेला प्रत्येक खूर जाड पुठ्ठ्यावर टेकवून पेन्सिलीने कड रेखा, सर्वांत रुंद जागेवर आडवी खूण करा आणि पुढचा डावा, पुढचा उजवा असे लिहा. पुढचे खूर गोल, मागचे निमुळते असतात. चारही सारखे निघाले तर माप चुकले आहे. ३०० ते ४०० किलोच्या घोड्याला साधारण २० मि.मी. रुंद आणि ८ मि.मी. जाड लोखंडी पट्टी पुरते. विलायती पुस्तकांतल्या शायर किंवा पर्शरॉन घोड्यांसाठी दिलेल्या जड नाला आपल्या घोड्याला नकोत. पायाच्या टोकाला वाढलेला प्रत्येक तोळा घोडा दिवसभर उचलत असतो.

रुंद जागेपासून मागे नाल भिंतीच्या बाहेर मि.मी.-दोन मि.मी. दिसू द्या. टाच फाकते, तिला जागा हवी. खिळ्यांची भोके या रुंद जागेच्या मागे नकोत. टोकाकडची भोके थोडी आत आणि आतल्या बाजूला कललेली, टाचेकडची कडेजवळ आणि सरळ. कारण भिंत टोकाला जाड आणि टाचेकडे पातळ असते. बाहेर चार, आत तीन अशी सात भोके ही जुनी पद्धत. खुराची भिंत धड असेल तर सहा खिळेही पुरतात. नालेला खाच पाडलेली असेल तर त्यात माती भरून पकड वाढते. इंदूरच्या गुळगुळीत सिमेंट रस्त्यावर साध्या सपाट नालेने उतारावर घोडा घसरतो. गाडीचा ब्रेक नीट नसेल, तर तिथे नालेला दोष देऊन उपयोग नाही.

गरम नाल बसवणार असाल तर तीन ते पाच सेकंद, तपकिरी खूण पडेपर्यंतच. खुराचा धूर निघत राहेपर्यंत दाबून धरू नका. खिळा ४५ ते ५० मि.मी. लांब, नवाच. त्याची खूण असलेली, तिरकी बाजू आत ठेवा, म्हणजे टोक बाहेर वळते. तो पांढऱ्या रेघेच्या बाहेरूनच जायला हवा आणि भिंतीच्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, १८ ते २० मि.मी.वर बाहेर पडायला हवा. फार खाली निघाला तर धरत नाही. फार वर गेला तर जिवंत भागाच्या जवळ. हातोड्याचा आवाज ऐका. भिंतीत घुसणारा खिळा खणखणतो, मऊ भागात जाणारा बोदा वाजतो. घोड्याने पाय झटकला की खिळा लगेच उपसून ते भोक रिकामे सोडा, पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक) घाला आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल पशुवैद्याला विचारा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, आणि ही लस वर्षाला एकदा देणे तशीही सवयीची हवी. बाहेर आलेले टोक प्रत्येक खिळ्यानंतर लगेच मोडा. धरणाऱ्याची मांडी तेवढीच जवळ असते.

नालबंदीनंतर एक दिवस विश्रांती, मग हलके ओझे. दोन-तीन दिवसांत घोडा त्या पायावर लंगडला, खूर गरम लागला, तर त्या बाजूचा खिळा आधी काढा. बहुधा तोच जवळून गेलेला असतो.

इथे एक फरक लक्षात ठेवा. बैलाला पत्री मारणारा कारागीर कितीही वाकबगार असला, तरी घोड्याचा खूर त्याच्या हाती आयता देऊ नका. बैलाचा खूर दुभंगलेला, भिंत पातळ, बैल पाडून बांधलेला. घोड्याचे गणित निराळे.

रोजच्या निगेत खूर साफ करायचा आकडा टाचेकडून टोकाकडे चालवून पुतळीच्या दोन्ही बाजूंच्या चरांतील माती काढा. काळा, दुर्गंधी येणारा चिकट पदार्थ निघाला तर तो पावसाळी सड आहे. चर धुऊन कोरडे करा, पोव्हिडोन आयोडीन लावलेला कापसाचा बोळा भरा, रोज बदला. उभी जागा ओली राहिली तर कोणतेही औषध चालत नाही. वापरलेले काळे इंजिन ऑइल खुराला फासू नका, ओल्या खुरावर तर कोणतेच तेल नको. त्याने ओल आत कोंडते.

आणखी एक धोका याच मोसमात असतो. मका निघतो, खळ्यावर दाणा सांडतो आणि सुटलेला घोडा पोट फुटेस्तोवर खातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चारही नाही तरी पुढचे दोन खूर गरम, घोडा भार मागे टाकून उभा, पाय टाकायला नको म्हणतो, गामचीच्या मागे नाडी ठसठसते. ही खुराची आतली सूज आहे. अशा घोड्याला त्या दिवशी ना तासा, ना चालवा. खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा, दाणा बंद करून पशुवैद्य बोलवा. १९६२ हा पशुसेवेचा क्रमांक आहे, आणि महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. पुढची तासणी खुरातले हाड किती फिरले आहे ते एक्स-रेवर पाहूनच करावी लागते.

पुढच्या तारखा आताच ठरवून ठेवा. पहिली तासणी घटस्थापनेच्या सुमारास, दुसरी दिवाळीत, तिसरी त्यानंतर पाच आठवड्यांनी, मार्गशीर्षाच्या तोंडावर. तुळशीच्या लग्नानंतर बग्गीचे काम वाढते, म्हणून दुसरी तासणी चुकवू नका. प्रत्येक वेळी तोच फोटो, त्याच फरशीवर, त्याच बाजूने घ्या. पाच आठवड्यांत भिंत साधारण सेंटिमीटरभर वाढलेली असते, म्हणून तिसऱ्या वेळी पहिल्या पुठ्ठ्याचे माप तसेच वापरू नका, नवे रेखा. दोन पुठ्ठे एकावर एक ठेवले की टोक किती मागे आले ते दिसते. तिसऱ्या वेळीही टोक तिथेच असेल, तर पहिल्या दोन्ही वेळी टाच कापली गेली आणि टोक राहिले, हे नालबंदाला पुठ्ठा दाखवून सांगा.