जुन्या जीपचा टेंपरेचर काटा पडलाय? सेन्सर असा तपासा आणि बदला

महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या जुन्या फोर बाय फोर जीपच्या डिझेल इंजिनाला टेंपरेचर सेन्सरशी काही देणंघेणं नसतं. तो मेला तरी गाडी पळते. म्हणूनच लोक महिनोन्महिने पडलेल्या काट्यावर गाडी चालवतात आणि मग एखाद्या दिवशी भरल्या गाडीनिशी आंबेनळी घाट चढताना इंजिन तापलेलं कळतच नाही आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) जातं. काम घरी होण्यासारखं आहे, टाळू नका.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.

सेन्सर थर्मोस्टॅटच्या (इंजिनातून रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेच्या) आसपास सापडेल. पितळी, षटकोनी, वर एकच वायर. वायरऐवजी बारीक धातूची नळी मीटरपर्यंत गेली असेल, तर तो मीटर वेगळा. ही रीत त्याला लागू नाही.

नवा सेन्सर आणण्याआधी एक चाचणी कराच. वायर काढा, चावी ऑन करा (इंजिन सुरू करू नका) आणि वायरचं टोक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. काही काटे सावकाश चढतात, दोन-चार सेकंद थांबा. काटा गरमकडे निघाला की लगेच वायर उचला, नाहीतर मीटर जळेल. काटा चढला म्हणजे मीटर आणि वायर धडधाकट, दोष सेन्सरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. काटा जागचा हलला नाही, तर आधी फ्यूज आणि वायर बघा. सोबत डिझेलचा काटाही पडला असेल, तर दोघांचा सामाईक सप्लाय तपासा.

वायर बहुतेकदा थिंबलपाशीच (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडापाशीच) तुटते. वरून प्लास्टिक शाबूत असतं, वाकवलं की लिबलिबीत लागतं, आत तांबं हिरवं पडलेलं. लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा, नवं थिंबल घट्ट दाबा, वर स्लीव्ह चढवा.

सेन्सर काढायचाच झाला, तर थोडं कूलंट (रेडिएटरमधलं पाणी) स्वच्छ भांड्यात उतरवून घ्या. मल्टिमीटर ओहमवर लावा, एक टोक टर्मिनलला, दुसरं पितळी अंगाला. सेन्सरचं फक्त खालचं टोक पाण्यात बुडवून पाणी तापवा. पाणी तापेल तसा आकडा उतरत गेला पाहिजे. तो हललाच नाही, तर सेन्सर गेला.

नवा सेन्सर आपल्या मीटरशी जुळणाराच घ्या. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे देऊ नका. या सेन्सरला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, टेपने ते तुटू शकतं आणि नवा सेन्सरही खोटं बोलतो. हाताने आटे बसवा, मग पान्याने बेताने आवळा. पितळ मऊ असतं.

कूलंट भरून झाकण उघडं ठेवूनच थंड इंजिन सुरू करा, बुडबुडे थांबेपर्यंत भर घालत राहा. आत हवा अडकली तर सेन्सर कोरडा लटकतो आणि इंजिन उकळत असतानाही काटा थंड दाखवतो. एक फेरी मारून गाडी निवू द्या आणि पातळी पुन्हा पाहा.