महापालिकेत जाण्याआधी पिशवीत काय असावं

आधी एक शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या पानावर, आपल्याला नेमका कोणता कागद हवा आहे, ते एका ओळीत लिहा. ती ओळ लिहिता येत नसेल तर घराबाहेर पडायची वेळ अजून झालेली नाही. "आमच्या बोळातलं ड्रेनेजचं काम अर्धवट का सोडलं?" ही ओळ चालणार नाही. "त्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक" ही चालेल. पहिली ओळ म्हणजे आपली तक्रार आहे. दुसरीतले चारही कागद कुठल्यातरी कपाटात, कुठल्यातरी फाईलला टाचून खरोखर ठेवलेले असतात.

हे मी ठेच लागून शिकलो. माझा माहिती अधिकाराचा पहिला अर्ज दोन पानांचा होता, त्यात तेरा प्रश्न होते आणि त्यातले बहुतेक "का" ने सुरू होणारे. मनात राग होता, तो सगळा कागदावर उतरला. त्या कार्यालयाचं उत्तर महिन्याने आलं: मागितलेली बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही. मला ते टोलवाटोलवीचं वाटलं. पुढे कळलं की मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ सालीच सांगितलंय, एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचं कारण माहिती अधिकार कायद्याखाली मागता येत नाही. जे नोंदलेलं आहे तेच मिळतं. कारण फाईलवरच्या टिपणीत लिहिलेलं असेल, तर ती टिपणी मागायची. तेव्हापासून मी प्रश्न विचारत नाही, कागद मागतो.

वहीच्या दुसऱ्या पानावर तो कागद कोणाकडे असेल ते लिहा. आपण सोलापूरकर सगळ्याला "कार्पोरेशन" म्हणतो आणि थेट महापालिकेच्या आवारातल्या इंद्रभवनकडे निघतो, पण शहराचे कागद एका छताखाली नाहीत. घरपट्टीचा आकारणी उतारा, बांधकाम परवाना, जन्म-मृत्यूची नोंद, पाण्याचं कनेक्शन, सभेचं इतिवृत्त हे महापालिकेकडे, त्यातलं काही झोन कार्यालयात. मिळकतीचं प्रॉपर्टी कार्ड नगर भूमापन कार्यालयात, मोजणीचा नकाशा भूमी अभिलेख खात्यात. फेरफार आणि बिगरशेतीचे जुने आदेश उत्तर सोलापूर तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये शोधावे लागतात. खरेदीखत, बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे. त्यांची सूची क्रमांक दोन, म्हणजे व्यवहाराचा सारांश असलेली इंडेक्स-टू, कोणालाही पाहता येते आणि नक्कल मागता येते, मात्र मृत्युपत्राला हा नियम नाही. शहराच्या मधल्या भागातलं स्मार्ट सिटीचं काम असेल तर त्याची फाईल महापालिकेच्या विभागात नसण्याचीच शक्यता जास्त. जानेवारी २०१६ मध्ये सोलापूर पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं आणि त्या कामांसाठी सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड ही वेगळी कंपनी निघाली. अर्ज तिच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या, म्हणजे माहितीचे अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नावे करायचा.

चुकीच्या दारात अर्ज पडला तरी घाबरू नका. कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पण पाठवलेला अर्ज पोचेपर्यंत आपले दिवस जातात, म्हणून आधी चौकशी केलेली बरी.

हद्दवाढ भागातल्या लोकांनी एक जास्तीचं पान सोडावं. १९९२ च्या हद्दवाढीत आजूबाजूची गावं शहरात आली. त्याआधीचा तिथला जन्म, तिथलं घर, तिथली जागा यांची मूळ नोंद महापालिकेने केलेलीच नाही. ग्रामपंचायतीचं दप्तर महापालिकेकडे आलं का, याची चौकशी जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवालाच्या बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये होत असत, आणि ती बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. आजोबांच्या जन्माचा दाखला महापालिकेत "आढळून येत नाही" असा शेरा घेऊन परतलेली माणसं मी पाहिली आहेत. नोंद होती, कोतवाल बुकात. त्या बुकांतली जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणाऱ्या माणसाची सोय आधीच पाहून ठेवा. या भागात अनेक जागांना अजून सात-बारा आहे, काही प्लॉट गुंठेवारीतले आहेत. त्यामुळे प्रॉपर्टी कार्ड मिळत नाही म्हणजे कागदच नाही, असं समजू नका.

जुनी जन्मनोंद शोधायची असेल तर नावाच्या स्पेलिंगवर एक संध्याकाळ खर्च करा. हे काम सोलापुरात इतर शहरांपेक्षा जास्त आहे, कारण इथे तेलुगू आणि कन्नड घरांतली नावं मराठी कारकुनाने ऐकून लिहिली. मल्लप्पाचा मलप्पा होतो, मल्लाप्पा होतो. आडनावातलं जोडाक्षर सुटतं. तेलुगू वस्तीच्या पूर्व भागातल्या घरात नावाआधी आडनाव सांगायची पद्धत, त्यामुळे कधी आडनावाच्या रकान्यात नाव बसतं. आणि खूप नोंदींत बाळाचं नावच नसतं, कारण बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली असते. फक्त "मुलगा" किंवा "मुलगी" आणि आई-बापाचं नाव. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा: तेव्हा राहत कुठे होतो, साखर पेठेत की भवानी पेठेत, बाळंतपण घरी झालं की दवाखान्यात, कोणता सण जवळ होता. आमच्या वडिलांची तारीख कोणालाच ठाऊक नव्हती. आत्या एवढंच म्हणाली, "गड्डा भरलेला होता की रे, अण्णा झाला तेव्हा." गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीतली जत्रा. संक्रांतीच्या मागचे-पुढचे दिवस उलटत गेलो आणि जानेवारीच्या पानांत नोंद सापडली, नाव कोरं ठेवून. त्या रात्री वडील ती झेरॉक्स चष्मा लावून तीनदा वाचत होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने स्वतःचा जन्म कागदावर पहिल्यांदा पाहिला होता.

जन्म-मृत्यूच्या नोंदीचा शोध कोणालाही घेता येतो, उताराही मागता येतो. फक्त मृत्यूच्या उताऱ्यात मरणाचं कारण देत नाहीत. आणि हे ध्यानात ठेवा: अशा नेहमीच्या दाखल्यांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करू नका. त्यासाठी नक्कल अर्ज किंवा आपले सरकार पोर्टल आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित केलेल्या सेवांना मुदत ठरलेली आहे, मुदत चुकली तर तिथलंच वेगळं अपील आहे. माहितीचा अर्ज राखून ठेवायचा तो जिथे दाखल्याची वाट नाही अशा कागदांसाठी: निविदा, देयकं, मोजमाप पुस्तिका, टिपण्या, तपासणी अहवाल.

आता अर्ज. राज्य सरकारच्या आणि महापालिकेच्या कार्यालयांसाठी जोडपत्र अ चा नमुना वापरा. कोर्ट परिसरातल्या स्टॅम्प व्हेंडरकडून दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट घ्या, दोन-तीन जास्तीचीही घ्या. रेल्वेचं डीआरएम ऑफिस, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, टपाल खातं ही केंद्राची कार्यालयं, तिथे हे तिकीट चालत नाही. त्यांच्यासाठी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते किंवा केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. रुळालगतच्या नाल्याबद्दल अर्ज करणाऱ्या आमच्या गल्लीतल्या मुलाचा अर्ज एवढ्या एका कारणाने परत आला होता. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क माफ आहे, दाखल्याची प्रत जोडावी.

महाराष्ट्राच्या नियमात २०१२ पासून एक अर्ज एका विषयापुरता आणि साधारण दीडशे शब्दांचा असावा लागतो. ही अडचण समजू नका, त्यामुळे अर्ज नेमका होतो. असं लिहा: "प्रभाग अमुक, अमुक चौक ते अमुक मंदिर या रस्त्याच्या डांबरीकरणाचे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचे कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अदा केलेली देयके आणि दोषदायित्व कालावधी नमूद असलेला करारनामा यांच्या साक्षांकित प्रती." दोषदायित्व कालावधीचा कागद विसरू नका. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, आणि आपल्या गल्लीतल्या रस्त्याची ती मुदत कधी संपते हे आपल्याला ठाऊक असलंच पाहिजे. "गेल्या दहा वर्षांतील सर्व कामांची सर्व माहिती" असं मात्र लिहू नका. तारीख आणि जागा आखून द्या.

माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. टेबलावर कोणी विचारलंच तर नम्रपणे तेवढंच सांगा. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला मदत करणं हे जनमाहिती अधिकाऱ्याचं काम आहे. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या मावशींना हे कोणीच सांगत नाही, म्हणून इथे लिहितोय. त्यांच्यासोबत एकदा तरी जा.

मार्च २०२२ मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्या काळातला निर्णय शोधताना सर्वसाधारण सभेचा ठराव मागाल तर "असा ठराव नाही" हे खरंच उत्तर येईल. प्रशासकीय ठराव मागा.

अर्जाच्या आधी एक फेरी फाईल पाहण्यासाठी मारता आली तर फार उत्तम. कायद्यात प्रतींइतकाच पाहणीचा हक्क आहे, टिपणं घेण्याचाही. सामान्य प्रशासन विभागाच्या नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाने जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहायला खुले ठेवायला सांगितलं आहे. परिपत्रकाची छापील प्रत पिशवीत ठेवा. चारशे पानांची फाईल पाहून त्यातली अकरा पानं निवडली, तर दोन रुपये पानाने बावीस रुपयांत काम होतं. न पाहता सगळी फाईल मागितली तर आठशे.

दिवस निवडतानाही विचार करा. आषाढीच्या आधी महसुलाची बरीच माणसं पंढरपूरच्या वारीच्या कामाला लागलेली असतात. मार्चअखेरीस लेखा विभागात कोणी मान वर करत नाही. उन्हाळ्यात सकाळी कार्यालय उघडताना पोचा, पाण्याची बाटली जवळ ठेवा, म्हाताऱ्या माणसाला दुपारच्या उन्हात नेऊ नका.

पिशवीत अर्जाच्या दोन प्रती असाव्यात. एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख आणि सही घ्यायची. ही पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील," असं कोणी म्हटलं तर शांतपणे थांबा. शिक्का आवक-जावकच्या टेबलावर असतो, त्याला साहेबांची गरज नसते. कोणी घेईचना तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती वहीला चिकटवा.

त्याच दिवशी वहीत तीस दिवसांनंतरची तारीख लाल पेनाने लिहा. मध्येच पत्र आलं की इतकी पानं, इतके रुपये भरा, तर लगेच भरा, कारण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तिसात धरत नाहीत. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर तीस दिवसांत पहिलं अपील: जोडपत्र ब, वीस रुपयांचं तिकीट, त्याच कार्यालयातला वरिष्ठ अधिकारी. सुनावणीला जाच. मी गेलो तेव्हा अपिलीय अधिकाऱ्याने माझ्यासमोर फाईल मागवली आणि जी सापडत नव्हती ती वीस मिनिटांत सापडली. तिथेही काही झालं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील.

दोन उत्तरांसाठी मनाची तयारी ठेवा. एक, "व्यक्तिगत माहिती आहे." २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं व्यक्तिगत माहिती नाकारायचं पोटकलम आणखी रुंद केलंय आणि ते नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झालं. म्हणून माणसाचं नाव धरून मागण्यापेक्षा काम, जागा, फाईल क्रमांक धरून मागा. जनहित मोठं असेल तर कलम ८(२) चा आधार अजून आहे, आणि नाकारण्याजोगा भाग झाकून उरलेला देण्याची तरतूद कलम १० मध्ये आहे. दुसरं, "फाईल गहाळ आहे" किंवा "नष्ट केली." कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायम ठेवायचा, ड वर्ग वर्षभराने काढता येतो. नष्ट केली म्हणत असतील तर वर्ग कोणता होता ते आणि नाश नोंदवहीची प्रत मागा. गहाळ म्हणत असतील तर कोणावर काय कारवाई झाली याचे कागद मागा, आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा उल्लेख करा. अभिलेख बेकायदा नष्ट करणं हा त्याखाली गुन्हा आहे.

प्रती हातात आल्या की तिथेच पानं मोजा, प्रत्येक पानावर साक्षांकनाचा शिक्का आणि सही आहे का पाहा, अस्पष्ट पान असेल तर लगेच बदलून घ्या. घरी येऊन एक झेरॉक्स संच करा. गल्लीच्या कामाचे कागद असतील तर तो संच किराणा दुकानात ठेवा, वहीतला आवक क्रमांक वर लिहून.