मेटल ओतण्याआधी तपासताना या चुका टाळा

"स्पेक्ट्रो ओके आहे, ओता." अॅल्युमिनियम ओतणाऱ्यांची माझ्या मते ही पहिल्या नंबरची चूक. सिलिकॉन किती, लोखंड किती, मॅग्नेशियम किती हे स्पेक्ट्रोमीटर चोख सांगतो. पण मेटलमध्ये विरघळलेला हायड्रोजन आणि त्यात फिरणारे ऑक्साइडचे पापुद्रे आपल्या रोजच्या रिपोर्टात येतच नाहीत. शुगर नॉर्मल आली म्हणून हाड मोडलेलं नाही, असं कुठला डॉक्टर म्हणतो?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीने मला सप्टेंबरात बोलावलं होतं. एलएम 25 (सिलिकॉनवालं अॅल्युमिनियमचं मिश्रण) चे पंप बॉडी मशीनिंग होऊन ग्राहकाकडे जायचे, तिथे पाण्यात बुडवून हवा सोडली की बुडबुडे. मालकाने फाइल पुढे केली. प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या मालाचा, स्पेक्ट्रो रिपोर्ट, तारखेनुसार लावलेला. मी फाइल न उघडता मागच्या शेडकडे गेलो. पत्रा गळत होता, खाली इन्गॉटची, म्हणजे वितळवायच्या अॅल्युमिनियमच्या विटांची, थप्पी ओली, त्यावर पांढरट थर. सोलापूर कोरडं, इथे कसली ओल, असं वर्षभर म्हणणारे लोक हे विसरतात की आपल्याकडचा खरा पाऊस सप्टेंबरातच पडतो. विचारलं तर फर्नेसवाला म्हणाला, "काय होत न्हाई साहेब, भट्टीत गेल्यावर वाळतंयच की."

वाळत नाही. पाण्याची वाफ अॅल्युमिनियमला भिडली की ऑक्सिजनचा ऑक्साइड होतो आणि हायड्रोजन मेटलमध्ये शिरतो, म्हणजे एकाच ओलीतून दोन्ही रोग. घट्ट होताना त्या हायड्रोजनला सुमारे 20 पट कमी जागा उरते, मग तो छिद्रं करून बसतो. आणि ओला इन्गॉट थेट पातळ मेटलमध्ये टाकला तर स्फोट होतो, तो विषय वेगळाच. त्या फाउंड्रीत व्हॅक्यूम टेस्टचं, म्हणजे नमुना कमी दाबाखाली गोठवून गॅस दाखवणारं, मशीन होतं बरं का. कोपऱ्यात होतं, वर कुणाचा तरी जेवणाचा डबा. पंपाचं तेल बदलून नमुना घेतला, हॅक्सॉने कापला, एमरीवर घासला. तोंडावर बारीक गोल छिद्रं होती, ती गॅसची. त्यांच्यामधून लांबट, वाकड्या भेगा गेल्या होत्या, ते पापुद्रे. त्यानंतर इन्गॉट आत आले, भट्टीच्या कडेला तापवून मगच पडायला लागले.

दुसरी चूक नमुना घेण्यातली, आणि इथे नवशिक्यांची घाई मला सहन होत नाही. चमचा वरच्या सायीतूनच फिरवतात. आधी ही साय, म्हणजे ड्रॉस, बाजूला करा, तापवलेला आणि कोटिंग लावलेला चमचा खाली बुडवा, शांतपणे भरा. नमुन्याचा कपही तापलेलाच हवा. गार, दमट कपात मेटल टाकलं की जो गॅस दिसतो तो कपाचा असतो, भट्टीचा नव्हे.

एक नमुना हवेत आणि एक 80 मिलिबारला गोठवा, दोन्हींची घनता पाण्यात तोलून काढा. समजा हवेतला 2.66 आला आणि व्हॅक्यूमचा 2.45, तर फरक भागिले 2.66, म्हणजे जवळपास 8 टक्के. असं मेटल मी ओतू देणार नाही. चांगलं किती, हे जॉबवर ठरतं, पंप बॉडीचा आकडा पंख्याच्या ब्रॅकेटला लावू नका. व्हॅक्यूम मात्र रोज तोच ठेवा, नाहीतर कालचा आकडा आजच्याशी जुळवण्यात अर्थ नाही. आणि नुसत्या वरच्या फुगवट्यावरून निकाल देणाऱ्यांनो, नमुना कापा. पापुद्रे कमी असले तर गॅस असूनही छिद्रं धड उमटत नाहीत, म्हणून मी शेजारी के-मोल्डची, म्हणजे मोडून बघायच्या साच्यातली, पट्टीही ओततो, तुकडे करतो आणि मोडलेल्या तोंडावर काळे ठिपके शोधतो.

डीगॅसिंग, म्हणजे मेटलमधला गॅस काढणं, झाल्याझाल्या नमुना घेऊन खूश होऊ नका. मेटल लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) ओतलं, हलवलं, जेवणाची सुट्टी झाली, की हिशेब बदलला. शेवटचा नमुना ओतण्याच्या तोंडावरच.

बाकीचं थोडक्यात. डीगॅसिंगची टॅब्लेट वर टाकून ढवळू नका, प्लंजरने (दाबायच्या दांड्याने) तळाशी दाबा. धूर झाला म्हणजे काम झालं असं नाही. 750 अंशांच्या वर मेटल तापवत ठेवू नका, गॅस झपाट्याने वाढतो. लोखंडी हत्यारं कोटिंगशिवाय बुडवू नका. भंगार टाकताय तर लोखंड, मँगनीज, क्रोमियमवर लक्ष ठेवा. लोखंड अधिक दोन पट मँगनीज अधिक तीन पट क्रोमियम ही बेरीज वाढली आणि भट्टी गार ठेवली की तळाशी गाळ बसतो, आणि मशीन शॉपमध्ये टूल तुटतं. हे एक मात्र स्पेक्ट्रो सांगतो, तेव्हा त्याला पूर्ण शिव्या नकोत.

कापलेले नमुने भंगारात टाकू नका. हीट नंबर ठोका आणि डब्यात ठेवा, कारण ग्राहकाचा फोन महिन्याभराने येतो.